सहा माणसे, चार बॅगा आणि एक गाडी : मिनीव्हॅन घ्यावी की क्रॉसओव्हर?

ओसरी :

नमस्कार मंडळी. मे महिन्याच्या आत आम्हाला गाडी बदलायची आहे आणि घरात दोन महिने एकाच प्रश्नावर घोडे अडले आहे, म्हणून हा धागा काढत आहे. आम्ही न्यू जर्सीत एडिसनजवळ टाउनहाउसमध्ये राहतो. मुलगी सहा वर्षांची असून बूस्टरवर, म्हणजे मुलांना उंच करणाऱ्या बैठकीवर, बसते. मुलगा दोन वर्षांचा आहे आणि त्याची कार सीट अजून मागे तोंड करूनच लावलेली आहे. एका वर्षी माझे आईबाबा साताऱ्याहून येतात, दुसऱ्या वर्षी सासूबाई आणि सासरे येतात, आणि जी मंडळी येतात ती सहा महिने पुरेपूर राहतात. म्हणजे वर्षातला निम्मा काळ आम्ही चौघे असतो आणि निम्मा काळ सहा जण. नवरा मेट्रोपार्कहून ट्रेनने न्यूयॉर्कला जातो, त्यामुळे पाळणाघर, ऑफिस, किराणा आणि रविवारची मराठी शाळा या सगळ्यासाठी गाडी मीच चालवते.

मागच्या खेपेला आईबाबांना वॉशिंग्टन दाखवायला आम्ही दोन गाड्या काढून गेलो. बाबा नवऱ्याच्या गाडीत, आई माझ्या गाडीत, आणि जातायेता मिळून सात-आठ तास घरातल्या गप्पा स्पीकरफोनवरून झाल्या. परत आल्यावर तीन रांगांची एक गाडी घ्यायची एवढे ठरले, पण कोणती ते अजून ठरत नाही.

नवऱ्याचा डोळा टोयोटाच्या ग्रँड हायलँडर या क्रॉसओव्हरवर, म्हणजे एसयूव्हीसारख्या दिसणाऱ्या उंच गाडीवर आहे. माझा ओढा त्याच कंपनीच्या सिएना या सरकत्या दारांच्या मिनीव्हॅनकडे आहे, पण प्रामाणिकपणे सांगायचे तर त्या लांबुळक्या डब्यातून ऑफिसच्या पार्किंगमध्ये उतरण्याची कल्पना मलाही फारशी रुचत नाही. माझी एक मैत्रीण म्हणते की मिनीव्हॅन घेतली की माणूस आपोआप संध्याकाळी सातला जेवायला आणि नऊला झोपायला लागतो.

खरी अडचण आईची आहे. तिच्या उजव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया होऊन आठ महिने झाले आहेत आणि ती प्रवासातही साडीच नेसते, तेव्हा कोणत्या गाडीत तिला सहज चढता येईल हा माझा पहिला प्रश्न आहे. शिवाय इथला बर्फ आणि आमचे अरुंद गॅरेज हे दोन प्रश्न आहेतच. ज्यांनी दोन्ही प्रकारच्या गाड्या प्रत्यक्ष वापरल्या आहेत त्यांचे अनुभव कळले तर बरे होईल.

तिरपा_डोळा :

मी क्रॉसओव्हरच्या बाजूचा आहे आणि गेली सहा वर्षे शार्लटमध्ये तीच चालवतो आहे, तेव्हा माझे म्हणणे त्या हिशेबाने घ्यावे. तुमच्या वर्षाकडे नीट पाहिले तर सहा जण एकत्र जातात ते बहुधा शनिवार-रविवारी, आणि तेही वर्षातले सहाच महिने. उरलेल्या सगळ्या दिवशी तुम्ही एकट्या किंवा दोन मुलांसह जाणार. गाडी रोजच्या गरजेवर निवडावी आणि क्वचितच्या गरजेसाठी भाड्याने आणावी, असे माझे मत आहे. मोठ्या सहलीसाठी व्हॅन आठवडाभर भाड्याने सहज मिळते.

पूर्वी व्हॅनला इंधन जास्त लागते असे म्हणता येत असे, पण या दोन गाड्यांच्या बाबतीत तो मुद्दा निकालात निघाला आहे. २०२१ च्या मॉडेलपासून सिएना फक्त हायब्रिडच (पेट्रोल इंजिन आणि विजेची मोटर दोन्ही असलेली) मिळते आणि तिचे सरकारी आकड्यांतले मायलेज गॅलनला ३६ मैल आहे. ग्रँड हायलँडरच्या साध्या हायब्रिडचेही पुढची चाके ओढणाऱ्या (म्हणजे ताकद फक्त पुढच्या चाकांना देणाऱ्या) प्रकारात तेवढेच आहे. ही गाडी २०२४ च्या मॉडेलपासून आली तीच मुळी साध्या हायलँडरच्या तिसऱ्या रांगेत मोठी माणसे बसत नाहीत या तक्रारीवर उपाय म्हणून. तेव्हा तिसरी रांग म्हणजे शिक्षा, हा जुना आक्षेप तिला लागू करू नये. उंच बसून रस्ता दूरपर्यंत दिसतो, तेही मला मोलाचे वाटते.

सुगरण_नव्हे :

आमच्याकडे आधी तीन रांगांची क्रॉसओव्हर होती (कंपनीचे नाव मुद्दाम घेत नाही, कारण दोष गाडीचा नव्हता, आमच्या अंदाजाचा होता) आणि आता चार वर्षे सेकंडहँड होंडा ओडिसी आहे. मुले तीन, मुक्काम डॅलसजवळ.

सासूसासरे पहिल्यांदा आले तो दिवस सांगते. आम्ही दोघे आणि तेव्हाची दोन मुले असे चौघे विमानतळावर गेलो. बऱ्याच तिकिटांवर प्रत्येक प्रवाशाला २३ किलोच्या दोन बॅगा नेता येतात आणि आपली माणसे त्यातला एक किलोही वाया घालवत नाहीत, हे सगळ्यांना ठाऊक आहेच. चार मोठ्या बॅगा, दोन केबिन बॅगा आणि कापडी पिशवीत गुंडाळलेले लोखंडी तवे. गाडी सात आसनी आणि माणसे सहा, त्यामुळे मी निश्चिंत होते. डिकी उघडली तेव्हा लक्षात आले की तिसरी रांग उभी असताना तिच्यामागे दोन बॅगा आडव्या राहतात, तिसरी ठेवली की दार लागत नाही. तिसऱ्या रांगेची एक बाजू पाडावी तर एका माणसाची जागा जाते. मागून पोलीस गाडी हलवा म्हणून हात करत होता. शेवटी सासरे दोन बॅगा घेऊन टॅक्सीने घरी आले. माणूस जन्मात पहिल्यांदा अमेरिकेत आला, बावीस तास प्रवास करून आला, आणि मुलाच्या दारात टॅक्सीतून उतरला. ते काही बोलले नाहीत, पण नवरा अजून तो विषय काढू देत नाही.

म्हणून ‘सात आसनी’ या शब्दावर विसंबू नका. तिसरी रांग उभी ठेवून तिच्यामागे किती जागा उरते, हा आकडा पाहा. हायलँडरमध्ये ती १६ घनफूट आहे, ग्रँड हायलँडरमध्ये २०.६, सिएनात ३३.५ आणि किया कार्निव्हलमध्ये ४०.२. हे कंपन्यांनीच छापलेले आकडे आहेत. व्हॅनमध्ये तिसऱ्या रांगेमागे जमिनीत एक खोल खळगा असतो. बॅगा त्यात उभ्या राहतात, आणि सीट नको असेल तेव्हा सीटच त्यात गडप होते. आमच्या ओडिसीत आता चारही मोठ्या बॅगा उभ्या राहतात आणि वर तवेही राहतात.

दुसरी गोष्ट सरकत्या दाराची. शनिवारी सकाळी आपल्या किराणा दुकानाच्या पार्किंगमध्ये दोन गाड्यांच्या मधोमध, कडेवर मूल आणि हातात दुधाचे कॅन घेऊन एकदा उभ्या राहून पाहा. नेहमीचे दार तिथे वीतभर उघडते आणि त्या फटीतून मुलाला कार सीटमध्ये बसवायचे म्हणजे योगासन होते. शिवाय सहा वर्षांचे मूल दार उघडते तेव्हा ते शेजारच्या गाडीवर आपटूनच उघडते. आमच्या क्रॉसओव्हरच्या काळात अशा दोन पोचांची भरपाई आम्ही केली आहे.

सेकंडहँड ओडिसी घेणार असाल तर एक गोष्ट विचारून घ्या. तिच्या ३.५ लिटरच्या सहा सिलिंडरच्या इंजिनाला टायमिंग बेल्ट असतो आणि तो साधारण एक लाख मैलांच्या आसपास बदलावा लागतो. तो बदललेला नसेल तर किमतीत तेवढे कमी करून मागावे. ती हायब्रिड नाही, सरकारी आकड्यात सरासरी २२ मैल देते, हेही हिशेबात धरा. वरच्या ट्रिममध्ये, म्हणजे महागड्या प्रकारात, डिकीत बसवलेला व्हॅक्यूम क्लीनर मिळतो. मी त्याला हसले होते, पण चिवडा खाणारी तीन मुले झाल्यावर हसू थांबले.

डेट्रॉईटचे_आजोबा :

मी मिशिगनमध्ये गाड्यांच्या सीट बनवणाऱ्या एका कारखान्यात एकतीस वर्षे नोकरी केली आणि आता निवृत्त आहे, त्यामुळे या विषयावर थोडे लांबण लावले तर सांभाळून घ्यावे.

वरच्या पोस्टमधले घनफुटांचे आकडे वाचून वाटेल की व्हॅन फार मोठी गाडी असते. तसे नाही. सिएनाची लांबी २०३.७ इंच आहे आणि ग्रँड हायलँडरची २०१.४ इंच. रुंदीतला फरक तर पाव इंचाच्या आतबाहेर आहे. म्हणजे रस्त्यावर आणि गॅरेजमध्ये दोघी जवळजवळ सारखीच जागा अडवतात आणि तरीही तिसऱ्या रांगेमागे एकीत दुसरीच्या दीडपटीहून जास्त सामान मावते. हा फरक लांबीतून येत नाही, गाडीच्या तळातून येतो.

मिनीव्हॅनचा जन्मच सखल तळासाठी झाला. क्रायस्लरने १९८४ च्या मॉडेलसाठी डॉज कॅरॅव्हॅन आणि प्लिमथ व्हॉयेजर या गाड्या आणल्या, तेव्हा ली आयकोका कंपनीचे प्रमुख होते आणि हॅल स्पर्लिक हे या कल्पनेमागचे मुख्य डोके होते. त्याआधीच्या व्हॅन मागची चाके फिरवणाऱ्या, ट्रकच्या सांगाड्यावरच्या, उंच आणि अवजड असत. यांनी मोटारीचा सांगाडा आणि पुढची चाके ओढणारी रचना घेतली. मागच्या चाकांकडे जाणारा दांडा तळाखालून गेला नाही, म्हणून तळ खाली आणता आला. घरच्या साध्या गॅरेजमध्ये मावली पाहिजे आणि बाईमाणसाला नेहमीच्या मोटारीसारखी चालवता आली पाहिजे, या अटींवर ती आखलेली होती. तुमचा गॅरेजचा प्रश्न त्या लोकांनी चाळीस वर्षांपूर्वी गृहीत धरला होता.

क्रॉसओव्हरही मोटारीच्याच एकसंध सांगाड्यावर बांधतात, हे पुष्कळांना ठाऊक नसते. ती दिसते जीपसारखी, पण आतून मोटार असते. मात्र जमिनीपासून उंची ठेवायची, मोठी चाके बसवायची आणि चारही चाके ओढण्याची सोय ठेवायची, म्हणून तळ वर जातो. वर गेलेल्या तळावर सीट घडी घालून ठेवली की सामानाची जागा वरच्या बाजूने कमी होते. खाली खळगा काढायला वाव राहत नाही.

सिएनाच्या ऑल व्हील ड्राइव्ह, म्हणजे चारही चाके ओढणाऱ्या प्रकारात मागच्या चाकांसाठी वेगळी विजेची मोटर बसवली आहे, त्यामुळे लांब दांड्याची गरजच पडत नाही. ही युक्ती मला फार आवडली. मायलेज ३६ वरून ३५ होते, एवढाच खर्च.

क्रायस्लर पॅसिफिकाचाही विचार करत असाल तर एक भेद ध्यानात ठेवा. तिच्या पेट्रोल गाडीत दुसऱ्या रांगेच्या सीटही तळात घडी होऊन जातात. प्लग-इन हायब्रिडमध्ये (म्हणजे प्लग लावून चार्ज करायच्या हायब्रिडमध्ये) त्याच खळग्यांत बॅटरी बसवलेली असते, म्हणून तिथे ही सोय नाही. त्या बदल्यात चार्ज केल्यावर साधारण ३२ मैल पेट्रोलशिवाय जाता येते, आणि पाळणाघर-ऑफिस एवढाच फेरा असेल तर ते पुष्कळ झाले.

राहिला रुबाबाचा मुद्दा. अमेरिकेत २००० साली तेरा लाखांहून जास्त मिनीव्हॅन विकल्या गेल्या, आणि पुढे त्याच व्हॅनमध्ये वाढलेली मुले मोठी होऊन क्रॉसओव्हर घेऊ लागली. आईबापांची गाडी कोणालाच नको असते. फोर्ड आणि जनरल मोटर्स या बाजारातून बाहेर पडल्या. आता तुमच्या मुलीच्या वर्गातल्या निम्म्या आया क्रॉसओव्हर चालवतात, तेव्हा अजून पंधरा वर्षांनी ती कोणती गाडी म्हातारी ठरवेल ते पाहावे लागेल.

कोथरूडकर :

आमच्याकडे हाच वाद ‘इनोव्हा की एसयूव्ही’ या नावाने चालतो. २०२२ च्या अखेरीस आलेल्या इनोव्हा हायक्रॉसने जुना ट्रकसारखा सांगाडा आणि मागची चाके फिरवण्याची रचना सोडून एकसंध सांगाडा आणि पुढची चाके ओढण्याची रचना घेतली, म्हणजे ती तंत्राने मिनीव्हॅनच्या जवळ गेली, पण नाकडोळे मात्र एसयूव्हीचे दिले. सरकती दारे नाहीत. आमच्या आईसाठी आम्ही मधल्या रांगेत दोन वेगवेगळ्या सीट असलेला प्रकार घेतला. तिला मधल्या सीटवर बसवून नातवंडे त्या दोन सीटमधल्या वाटेने मागे जातात आणि कोणाला उठावे लागत नाही. तिकडच्या गाडीतही असाच, मधे वाट असलेला सात आसनी प्रकार पाहावा, एवढीच सूचना.

पागोळी :

मी सॅन होजेजवळ राहते आणि मुलांच्या कार सीट नीट बसवल्या आहेत का हे तपासण्याचे प्रमाणपत्र घेतलेले आहे. महिन्यातून एकदा अग्निशमन केंद्रात स्वयंसेवक म्हणून हे काम करते. ओसरी, तुमच्या प्रश्नातली कळीची गोष्ट तुमच्या मुलाची सीट आहे आणि तिच्याबद्दल अजून कोणी बोललेले नाही.

मागे तोंड केलेली सीट दुसऱ्या रांगेत बसवली की ती मूळ सीट पुढे कलवता किंवा दुमडता येत नाही. पुष्कळ क्रॉसओव्हरमध्ये तिसऱ्या रांगेत जाण्याची वाट हीच असते. दुसऱ्या बाजूची सीट दुमडून जावे, तर तिथे तुमची आई बसलेली असेल. म्हणजे दर वेळी गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली बाई खाली उतरणार, सीट पुढे जाणार, बाबा आणि नात मागे चढणार आणि मग आई परत बसणार. काही गाड्यांत कार सीट न काढता खालची सीट सरकवण्याची सोय असते, पण मागे तोंड केलेल्या सीटसोबत ती चालते का, हे दुकानात स्वतःची सीट नेऊनच पाहावे. मधे वाट असलेली सात आसनी गाडी घेतली तर हा प्रश्न दोन्ही प्रकारांत सुटतो. फरक इतकाच की व्हॅनमध्ये त्या वाटेतून जवळजवळ उभ्याने जाता येते आणि क्रॉसओव्हरमध्ये वाकून.

मुलाला मागे तोंड करून शक्य तितका जास्त काळ, म्हणजे त्या सीटवर लिहिलेल्या वजन आणि उंचीच्या मर्यादेपर्यंत ठेवावे, असे बालरोगतज्ज्ञांची अमेरिकन संस्थाही सांगते. तेव्हा तुमचा हा प्रश्न आणखी वर्ष-दोन वर्षे राहणार आहे. मुलीचे बूस्टर न्यू जर्सीच्या नियमाप्रमाणे आठ वर्षे पूर्ण होईपर्यंत किंवा उंची ५७ इंच होईपर्यंत लागणार. गाडीतले खालचे अँकर, म्हणजे कार सीट अडकवायच्या लोखंडी कड्या, कोणकोणत्या जागी आहेत ते बोटाने चाचपून मोजा. प्रत्येक सीटला ते असतातच असे नाही, विशेषतः तिसऱ्या रांगेत. मूल आणि कार सीट यांचे मिळून वजन ६५ पौंडांच्या वर गेले की ते अँकर वापरायचे नसतात, तिथून पुढे गाडीच्या पट्ट्यानेच सीट बांधायची. पुढे तोंड केलेल्या सीटचा वरचा पट्टा मात्र नेहमी लावावा. माझ्याकडे येणाऱ्या गाड्यांमध्ये सगळ्यात जास्त विसरलेला तोच असतो.

तिरपा_डोळा :

पागोळीताई, कार सीटचा मुद्दा मला सुचला नव्हता आणि तो मान्य आहे. पण सुरक्षिततेचे काय? २०२३ मध्ये इन्शुरन्स इन्स्टिट्यूट फॉर हायवे सेफ्टी या संस्थेने मागच्या सीटवरच्या प्रवाशाच्या बचावाची नवी चाचणी घेतली, त्यात चारही मिनीव्हॅन मागे पडल्या. पॅसिफिका, कार्निव्हल आणि सिएना यांना काठावरचा शेरा मिळाला आणि ओडिसीला वाईट. कुटुंबासाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या गाड्यांना मागच्याच सीटवर कमी गुण मिळावेत, याचा काय अर्थ लावायचा?

पागोळी :

प्रश्न रास्त आहे. चाचणी खरी आहे आणि निकालही तुम्ही म्हणता तेच आहेत. पण त्या चाचणीत मागे जो पुतळा बसवतात तो लहान चणीच्या बाईएवढा किंवा बारा वर्षांच्या मुलाएवढा असतो आणि त्याला गाडीचा साधा पट्टा लावलेला असतो. पट्टा पोटावर सरकतो का आणि छातीवर किती दाब येतो, हे त्यात तपासले जाते. स्वतःच्या पट्ट्यांनी बांधलेल्या कार सीटमधल्या मुलाला तो निकाल लागू होत नाही. ओसरी यांच्या घरात तो लागू होतो त्यांच्या आईला. त्यामुळे मी तो अजिबात बाजूला टाकणार नाही.

मात्र त्याच वर्षी मध्यम आकाराच्या एसयूव्हींचीही हीच चाचणी झाली आणि तिथेही पुष्कळ गाड्या अडल्या. साध्या हायलँडरलाही काठावरचाच शेरा होता. फोर्ड एक्सप्लोरर आणि सुबारू असेंट यांना चांगला मिळाला. म्हणजे हा दोष व्हॅन या जातीचा नाही, मागचे पट्टे पुढच्यांइतके चांगले काम करतात की नाही याचा आहे. कंपन्या हे दरवर्षी सुधारत आहेत, म्हणून ज्या वर्षाचे मॉडेल घेणार त्याच वर्षाचा निकाल संस्थेच्या यादीत पाहून मग सही करावी.

मिनेसोटाकर :

बर्फाचे मी सांगतो, कारण आमच्याकडे त्याचा तुटवडा नाही. बारा हिवाळे मिनीव्हॅनमध्ये काढले आहेत, त्यातली पहिली सात वर्षे साध्या पुढच्या चाकांच्या ओढीवर.

चारही चाके ओढणारी गाडी चढावर जागची हलायला मदत करते, पण ब्रेक दाबल्यावर थांबायला तिचा काहीही उपयोग होत नाही. थांबणे आणि वळणे टायरच्या रबरावर अवलंबून असते आणि नेहमीच्या टायरचे रबर तापमान साधारण ७ अंश सेल्सियसच्या खाली गेले की कडक होऊ लागते. हिवाळी टायरांचा वेगळा संच घेऊन नोव्हेंबरात चढवावा आणि एप्रिलात उतरवावा. दोन्ही संच आलटून पालटून वापरल्यामुळे दुप्पट टिकतात, तेव्हा खर्च वाटतो तितका नसतो.

व्हॅन खरी अडते ती वेगळ्याच ठिकाणी. रात्री नगरपालिकेची बर्फ ढकलणारी गाडी रस्ता साफ करून जाते आणि तुमच्या ड्राइव्हवेच्या तोंडाशी गुडघाभर उंचीचा घट्ट बांध घालून ठेवते. उंच गाडी तो कधीकधी चिरडून जाते, व्हॅन पोटावर बसते. आम्ही सकाळी वीस मिनिटे लवकर उठून तो फावड्याने काढतो. तुमच्या टाउनहाउसला हे काम सोसायटीचा माणूस करत असेल तर हा मुद्दा तुमच्यासाठी नाहीच.

सरकत्या दाराला हिवाळ्यात जपावे लागते. आमच्या आधीच्या व्हॅनचे दार एका जानेवारीत रबराच्या कडेला पाणी गोठून चिकटले. मुलाने बटण चार वेळा दाबले आणि आत ओढणारी केबल तुटली. दुरुस्तीचे बिल पाहून मीच गोठलो. तेव्हापासून थंडी सुरू झाली की रबरावर सिलिकॉनचा फवारा मारतो आणि दार अडले तर बटणाला हात न लावता आधी कडेने तळहाताने ठोकतो.

ओसरी :

सगळ्यांचे मनापासून आभार. तीन आठवड्यांनी परत येत आहे, कारण या मधल्या काळात आईबाबा येऊन पोचले आणि आम्ही त्यांनाच घेऊन डीलरकडे गेलो. सोबत मुलाची कार सीट, मुलीचे बूस्टर आणि साताऱ्याहून आलेल्या चार रिकाम्या बॅगाही नेल्या. विक्रेता आधी हसला, नंतर तोच बॅगा उचलू लागला.

आधी ग्रँड हायलँडर पाहिली. आईने वरचा दांडा धरला, डावा पाय आत टाकला आणि चढली. मला वाटले झाले, नवरा जिंकला. पण उतरताना ती सीटच्या कडेला येऊन थांबली. उजवा पाय खाली सोडून ती जमीन शोधू लागली आणि पाऊल टेकेना. निऱ्या एका हातात, दुसरा हात दांड्याला, आणि नजर खाली. बाबांनी पुढे होऊन खांदा दिला तेव्हा ती उतरली. चढणे हा प्रश्न मी तुम्हाला विचारला होता, उतरण्याचा माझ्या डोक्यातच आला नव्हता.

सिएनात ती पाठमोरी झाली, खुर्चीवर बसतो तशी सीटवर बसली आणि मग पाय आत घेतले. उतरताना दोन्ही पाय एकदम जमिनीवर टेकले. तिने एकच वाक्य उच्चारले, “ही बरी, हिच्यात माझं मला येतं.” नवऱ्याने त्यानंतर दुसऱ्या गाडीचे नाव काढलेले नाही.

बाकीच्या चाचण्याही केल्या. मुलाची सीट उजवीकडे बसवली, आई डावीकडे बसली आणि बाबा व मुलगी मधल्या वाटेने मागे गेले. बाबा पाच फूट सात इंच आहेत आणि त्यांचे गुडघे पुढच्या सीटला लागले नाहीत. ग्रँड हायलँडरच्या तिसऱ्या रांगेतही ते व्यवस्थित बसले होते, हे तिरपा_डोळा यांच्यासाठी मुद्दाम नोंदवते. त्यांचे तेवढे म्हणणे अगदी खरे होते. बॅगा मात्र तिथे दोन उभ्या आणि एक आडवी एवढ्याच राहिल्या, चौथी विक्रेत्याच्या हातात उरली. सिएनाच्या खळग्यात चारही राहिल्या.

टेस्ट ड्राइव्हमध्ये सिएनाचे इंजिन चढावर जोर लावताना जरा घरघरते. पुलावर चढताना आम्हा दोघांचे बोलणे थांबले एवढे ते जाणवले. सपाट रस्त्यावर काही वाटले नाही. सिएनाच्या दुसऱ्या रांगेच्या सीट पुढेमागे खूप सरकतात, पण काढून ठेवता येत नाहीत, हेही तिथेच कळले. आम्हाला सोफा वाहून न्यायचा नाही, म्हणून चालेल.

पहिल्या डीलरने छापील किमतीवर तीन हजार डॉलर जास्त मागितले आणि त्याला ‘बाजारभाव’ असे नाव दिले. आम्ही उठून आलो. पेनसिल्व्हेनियातल्या दुसऱ्या एका डीलरने छापील किमतीत नाव लिहून घेतले आहे. सात आसनी, चारही चाकांची ओढ असलेली. गाडी यायला सात आठवडे लागतील असे तो म्हणतो. तोवर जून उजाडेल आणि मे महिन्याचा आमचा बेत बारगळेल, म्हणून मेअखेरच्या मेमोरियल डेच्या सुट्टीपुरती व्हॅन भाड्याने घेणार आहोत. तिरपा_डोळा यांचा सल्ला तिथे कामाला आला.

आता एकच शंका उरली आहे. नवऱ्याने गॅरेजमध्ये टेप लावून पाहिले. गाडी आत मावते आणि मागे चालायला दीड फूट उरतो, पण डिकीचे दार वर उघडले की ते गॅरेजच्या अर्धवट वर गेलेल्या शटरला आपटेल असे दिसते. कोणाला अनुभव आहे का?

सुगरण_नव्हे :

अभिनंदन! पॉवर डिकी असेल तर तिची उंची ठरवून ठेवता येते. दार हवे त्या उंचीवर हाताने धरून थांबवायचे आणि दारावरचेच बटण बीप वाजेपर्यंत दाबून ठेवायचे, पुढच्या वेळी ते तिथेच थांबते. नेमकी रीत गाडीच्या पुस्तकात मिळेल. आणि गाडी किती आत घ्यायची ते कळावे म्हणून गॅरेजच्या छताला दोरीने एक टेनिसचा चेंडू टांगा. समोरच्या काचेला चेंडू टेकला की थांबायचे. आमचा चार वर्षे लटकतो आहे.

मिनेसोटाकर :

चेंडू टांगण्याआधी हिवाळी टायरांचा संच कुठे ठेवणार ते ठरवा. दीड फुटात तो भिंतीला उभा राहतो, पण मग चालायची वाट राहत नाही. आम्ही भिंतीवर वरच्या बाजूला लोखंडी घोडी ठोकून घेतली आहे.